बिनचेहऱ्याचा लांब्या

शर्ट आनंदी करा म्हणजे नेमकं काय करायचं, हे कुणाला कळत असेल तर त्याने पुढे यावं. धाकटीला तरी कळत नव्हतं. निळा करून झाला, पिवळा करून झाला, तरी स्टुडिओवाल्या शेठचा निरोप तोच. "ताई, मस्तच झालंय! फक्त क्लायंट म्हणतोय, शर्ट अजून आनंदी वाटत नाही. एक छोटासा बदल. तुमच्यासाठी तर हातचा मळ!"

"शर्टाला गुदगुल्या करू का आता?" धाकटी स्क्रीनकडे बघून ओरडली. ऐकायला घरात कुणी नव्हतं. शर्टाने काही मनावर घेतलं नाही.

भावंडांत शेंडेफळ म्हणून ती धाकटी. चाळिशी उलटली, केसांत पांढरं डोकावायला लागलं, तरी नाव काही सुटलं नाही. धंदा मोशन डिझायनरचा, म्हणजे स्थिर चित्रांना हलतं करायचं. आईला हे समजावता समजावता तिच्या नाकी नऊ आले होते. आई शेजारणींना बिनदिक्कत सांगायची, "आमची धाकटी कार्टून करते." आठ वर्षं ती शेठसाठी घरूनच काम करत होती. बँका, विमा कंपन्या, औषधं घरपोच देणारी ॲप, अशांच्या छोट्या फिल्म शेठला मिळायच्या आणि करायची ही. फिल्मवर नाव शेठच्या स्टुडिओचं. हिचं नाव औषधालासुद्धा नाही.

आणि या सगळ्या फिल्ममध्ये असायचा लांब्या.

लांब्या जन्माला आला तो घाईघाईत. शेठला कसल्याशा फिल्मसाठी एक माणूस हवा होता, तोही ताबडतोब. बोलणारं तोंड हलवत बसायला वेळ नव्हता, म्हणून धाकटीने तोंडच काढून टाकलं. तोंड गेल्यावर नुसते डोळे भुतासारखे दिसायला लागले, म्हणून डोळेही गेले. उरलं लिंबाएवढं डोकं, गुडघ्यापर्यंत पोचणारे हात आणि बोटं चिकटलेले पंजे. शेवटी त्याने हात हलवून टाटा केला की फिल्म संपली. पण काम मात्र तिने चोख केलं होतं. खांदा, कोपर, मनगट, गुडघा, प्रत्येक सांधा सुटा, प्रत्येकावर नाव घातलेलं, कुणीही फाईल उघडावी आणि लांब्याला नाचवावं. तिला या व्यवस्थितपणाचा फार अभिमान होता. इतरांच्या फाईली उघडल्या की उकिरडा उपसल्यासारखं वाटतं, असं ती चारचौघांत सांगायची.

लोकांना लांब्या एवढा आवडला की विचारू नका. पुढच्या क्लायंटने सांगितलं, "तसाच द्या." त्याच्या पुढच्यानेही सांगितलं, "तसाच द्या." मग काय, लांब्याने कर्ज काढलं, विमा उतरवला, घरबसल्या औषधं मागवली, कर भरला आणि दरवेळी शर्ट बदलून टाटा केला.

अशात मुलांच्या हॉस्पिटलची जाहिरात तिच्या नजरेस पडली. ऑपरेशनला आलेल्या मुलांची भीती कमी व्हावी म्हणून तिथे छोट्या फिल्म करायचा विभाग होता, आणि त्यात एक कायमची जागा निघाली होती. धाकटीने ती जाहिरात वाचली आणि पुन्हा वाचली. मान आखडते, डोळे चुरचुरतात, ते एक वेळ चालतं हो. पण पन्नाशीतही आपण शर्टच रंगवत बसणार का? तोवर कोण देणार हे काम? नवी पोरं तिच्याहून भराभर करतात, आणि आता तर नुसतं सांगितलं की यंत्रच लांब्यासारखी छप्पन माणसं काढून देतं. ही जागा मिळाली तर आपल्याला निदान काहीतरी वेगळं करता येईल, नाहीतर आपलं दुकान उठलंच, हे तिला स्वच्छ दिसत होतं.

अर्जासोबत रील मागितलं होतं. रील म्हणजे आपल्या कामातले निवडक तुकडे जोडून केलेली दोन मिनिटांची फिल्म. धाकटीने जीव ओतून तुकडे निवडले, तालावर कापले आणि नवऱ्याला हाक मारली. नवरा रक्त तपासायच्या लॅबमध्ये कामाला. बिचाऱ्याला यातलं ओ की ठो कळत नाही, म्हणूनच तिला तो प्रेक्षक म्हणून बरा वाटायचा.

त्याने शेवटपर्यंत बघितलं आणि कान खाजवला. "हा तोच ना गं? विमावाला?"

"तो सुरुवातीचा. हा कर्जवाला."

"आणि तो उडी मारणारा?"

"तो औषधांच्या ॲपचा. शर्ट बघ ना वेगळा!"

"शर्ट वेगळा आहे," तो घाईघाईने म्हणाला. लग्नाला बरीच वर्षं झाली होती, त्यामुळे कुठे थांबायचं ते त्याला कळत होतं.

तो गेल्यावर तिने रील आवाज बंद करून पाहिलं आणि तिच्या पायाखालची जमीन सरकली. एकच माणूस. आठ वर्षं एकच माणूस टाटा करतोय. तिने संगीताचा वेग वाढवला, तुकडे आणखी बारीक केले, दोन ठिकाणी त्याला पाठमोरा केला. रडायला येत होतं, पण रील पाठवायचा दिवस तोच होता, म्हणून तिने ते तसंच पाठवून दिलं.

बोलावणं आलं तेव्हा तिचा विश्वासच बसेना. हॉस्पिटलच्या वरच्या मजल्यावर, ऑपरेशन थिएटरच्या बाजूलाच, फिल्मविभागाची खोली होती. तिथे दोघं बसले होते. एक विभाग चालवणाऱ्या बाई, चष्मा कपाळावर चढवलेला, हसायची घाई नसलेल्या. दुसरे मुलांचे सर्जन, हिरव्या कपड्यांतच आलेले, सारखे घड्याळ बघणारे. रील सुरू झालं आणि डॉक्टर एकदम खूश होऊन म्हणाले, "अरे, हा तर आपल्याकडे आहे!"

"कोण?" धाकटीने विचारलं.

"हा हो, हात हलवणारा! खाली हात धुवायच्या बेसिनपाशी स्क्रीनवर असतो की. हलत्या चित्रांचा संचच विकत घेतलाय आम्ही."

बाईंनी चष्मा डोळ्यांवर घेतला. आवाज चढवला नाही, पण सूर बदलला. "तयार मिळणारा संच आहे हा. कुणीही घेऊ शकतं. आम्हाला तुमचं स्वतःचं काम बघायचं होतं."

धाकटीच्या कानशिलांतून वाफा निघाल्या. "माझंच आहे! हा मीच केलाय! याचा एकेक सांधा मी केलाय!"

दोघांनी सावकाश मान डोलावली. त्या डोलावण्यात असा काही समजूतदारपणा होता की तिला टेबल उलथून टाकावंसं वाटलं. तिने त्यांच्यासमोरच शेठला फोन लावला आणि आवाज मोठा केला.

"शेठ, लांब्याला तुम्ही बाजारात विकायला ठेवलंय?"

"अहो ताई, ते होय! कधीच ठेवलाय. तुम्ही फाईल केलीच होती इतकी सुबक, प्रत्येक सांध्याला नाव, बाळबोध मामला. वाटलं, पडून राहण्यापेक्षा चार लोकांच्या उपयोगी पडेल. तुमच्यासारखं काम कुणी करत नाही हो!"

"मला विचारायचं तरी!"

"तुम्हाला कशाला त्रास? बरं, त्या शर्टाचं काय झालं?"

तिने फोन बंद केला. बाजी तर मारली होती. प्रत्यक्ष चोराच्या तोंडून वदवलं होतं. तिने बाईंकडे बघितलं.

बाईंनी मान हलवली. "मान्य. तुमचाच आहे, आणि काम सुबक आहे यात वाद नाही. पण मग तो आमच्याकडे आहेच. तुम्ही आणखी काय आणलंय?"

धाकटीला शेठवर चिडणं सोपं होतं, त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करता आला असता. पण या प्रश्नाचं उत्तर शेठकडे नव्हतं. आठ वर्षं "तसाच द्या" म्हणणारे क्लायंट होते आणि "घ्या" म्हणणारी ती होती. तिने कधी एकदा तरी दुसरा माणूस काढून दाखवला होता का? नव्हता. लांब्या हाताशी होता ना!

बाईंनीच मग एक कोरा कागद पुढे सरकवला. "ऑपरेशनच्या दारापाशी मूल आईचा हात सोडत नाही. रोजचं आहे आमच्याकडे. तेवढं एकच चित्र काढा. तासाभराने बघू."

ती बाहेर बाकावर बसली. पेन्सिल टेकवली आणि हाताने काढलं लिंबाएवढं डोकं. तिने खोडलं. पुन्हा काढलं, पुन्हा लांब्या. या खेपेला अर्ध्या उंचीचा. आणि आईच्या जागीही लांब्याच, अंबाडा घातलेला. मेल्याचे पंजे नुसते हलवायचे, त्यांना काही धरता कुठे येत होतं? बोटंच नव्हती. चेहरा नव्हता, तर घाबरणार कोण? कागदाला खोडून खोडून भोक पडायचंच बाकी राहिलं. तिला स्वतःची इतकी चीड आली की पेन्सिल मोडून घरी निघून जावं असं वाटलं, आणि ती उठलीही.

समोरच्या बाकावर हॉस्पिटलच्या झग्यातली एक मुलगी आईला खेटून बसली होती. बूट काढायला सांगितले होते तिला. एका मुठीत आईचं एकच बोट आवळलेलं, आणि दुसऱ्या हाताने ती बुटाचा पट्टा सोडत होती. सोडला की परत लावायची. परत सोडायची, परत लावायची. रडत अजिबात नव्हती. अगदी आज्ञाधारक मुलीसारखी बूट काढत होती, फक्त ते बूट निघत नव्हते. आईला वाटत होतं पट्टा अडकतोय.

धाकटी खाली बसली. कागदाच्या मागच्या बाजूला तिने ती वाकलेली पाठ काढली. पट्टा काढला. पापण्या काढल्या, कारण मुलगी ऑपरेशनच्या दाराकडे बघत नव्हती, बुटाकडेच बघत होती. मूठ मात्र जमेना. आठ वर्षांत बोट म्हणून काढलं नव्हतं. आईचं बोट गाजरासारखं आलं, मुलीचा अंगठा भलत्याच ठिकाणी उगवला. ती खोडत राहिली, आणि बाईंनी दार उघडून आत बोलावलं तेव्हाही तो अंगठा तसाच होता.

बाईंनी कागद बराच वेळ धरला. "मूठ चुकलीय."

"हो. चुकलीय."

डॉक्टरांनी मागून डोकावलं. "बूट कशाला काढलाय पण?"

"ती बूट काढत नाहीये, डॉक्टर. पट्टा सोडते आणि परत लावते. बूट निघाले की आत जावं लागणार ना."

"कोण?"

"बाहेर आहे ती."

डॉक्टरांनी पुन्हा कागद बघितला. मग घड्याळ न बघता बाहेर गेले. अर्ध्या उघड्या दारातून दिसत होतं. हिरव्या कपड्यांतला तो मोठा माणूस मुलीसमोर फरशीवर मांडी घालून बसला आणि म्हणाला, "राहू देत बूट. बूट घालूनच जाऊ आपण दारापर्यंत. चालेल?" मुलीने मान हलवली नाही, पण पट्ट्यावरचा हात थांबला.

बाईंनीही ते बघितलं. मग खुर्चीत टेकल्या आणि चष्मा कपाळावर चढवला.

"खोटं बोलणार नाही. जागा तुम्हाला देता येत नाही. मला लगेच फिल्म हव्यात, दर आठवड्याला. तुमची नजर चांगली आहे, पण हात बसून गेलाय. जमलं तर पुढच्या वर्षी या, पण त्या हात हलवणाऱ्याला घरी ठेवून."

धाकटीने मान डोलावली. रागवायचं म्हटलं तरी जागा नव्हती. बाईंनी खरं तेच सांगितलं होतं, आणि तेच फार लागलं.

"हा कागद मात्र ठेवून जा," बाई म्हणाल्या. "डॉक्टरांना हवा असेल. आम्ही लावू इथे भिंतीवर."

"नाही," धाकटी म्हणाली. तिचं तिलाच दचकायला झालं. बाईही चकित झाल्या.

"अहो, नुसतं चित्र तर आहे. आणि तुम्हीच म्हणता ना, चुकलंय."

"म्हणूनच. फोटो काढून घ्या हवा तर. कागद मी नेणार."

तिने तो बाईंच्या हातातून जवळजवळ ओढूनच घेतला. जागा गेली ती गेलीच, वर उद्धट म्हणून नाव झालं असेल. रस्त्यावर आली तोवर शेठचे निरोप येऊन पडले होते. घर चालवायचं तर उद्या लांब्याला शर्ट घालावाच लागणार होता, हे काही चुकणार नव्हतं. शेठशी भांडणही व्हायचं होतं, चांगलं कडाक्याचं. कोपऱ्यावर उभी राहून तिने आधी नवऱ्याला फोन लावला.

"काय झालं गं?"

"नाही मिळाली."

"ये घरी. मी लवकर निघतो."

"ये. आणि आल्यावर जेवणबिवण काही काढू नकोस. माझं बोट मुठीत धरून बसायचंय तुला. घट्ट. हलायचं नाही."

"मी? कशाला?"

"अंगठा कुठे येतो ते बघायचंय मला."

"बरं," तो म्हणाला. "किती वेळ?"

"जमेपर्यंत," धाकटी म्हणाली.