अठरा मीटर

लेकीच्या लग्नाला तीन वर्षे झाली तरी ड्रायव्हरने तिच्या घराचा उंबरा ओलांडला नव्हता. दर दोन महिन्यांनी तो आपला ट्रेलर घेऊन तिच्याच शहरात येई, माल उतरवी, लेकीला फोनवर "या खेपेला जमत नाही गं" म्हणे आणि वाटेला लागे. विहीणबाई निवृत्त शिक्षिका होत्या. 'गाडी लावायला जागा मिळाली नाही' हे कारण त्यांना 'वही घरी विसरली' याच जातीचे वाटे, आणि ते त्या सुनेला जेवताना ऐकवीत. सून मान खाली घालून ऐकून घेई. हे ड्रायव्हरच्या कानावर आले होते. म्हणून या खेपेला त्याने शब्द दिला होता: सात वाजता पानावर बसेन.

साडेपाचला गोदामात माल उतरला. उतरेपर्यंत ड्रायव्हर 'साहेब' होता. ट्रेलर रिकामा होताच त्याचा 'ए, ट्रकवाला' झाला. आजच्या दिवस गाडी कोपऱ्यात राहू द्या, ही विनंती पहारेकऱ्याने अतिशय सहानुभूतीने ऐकली आणि फाटक लावून घेतले.

केबिनमधले यंत्र गाडी चालवण्याचे तास मोजत होते. नऊ तास भरले की पुढचे अकरा तास चाक हलवायचे नाही. हलवले तर परवाना जप्त. आज त्यातला दीड तास उरला होता. ड्रायव्हरला विश्रांती मिळावी म्हणूनच हा नियम केलेला होता. ती कुठे घ्यावी, एवढी किरकोळ बाब नियम करणाऱ्यांनी मोठ्या मनाने ड्रायव्हरवर सोपवली होती.

ट्रकतळाच्या जागी आता बाग होती. बागेत मुलांसाठी ट्रकच्या आकाराची घसरगुंडी होती. त्या ट्रकला मात्र कायमची जागा मिळालेली दिसत होती. पेट्रोल पंपावर तेल भरेपर्यंतच थांबता येत होते. चौकातल्या पोलिसाने गाडी शहराबाहेर लावण्याचा मोलाचा सल्ला दिला. बाहेर कुठे, असे विचारल्यावर ते बाहेरच्यांना विचारा, असेही सांगितले.

साडेसहाला तो लेकीच्या इमारतीवरून हळूहळू पुढे सरकत होता. त्याने फोन लावला, आणि लेकीच्या हातातला फोन विहीणबाईंनी घेतला.

"किती जागा लागते हो तुम्हाला?"

"अठरा मीटर."

"एवढ्या मोठ्या शहरात अठरा मीटर मिळत नाहीत? थांबा तिथेच. मी येते आणि दाखवते."

थांबणेच तर शक्य नव्हते. पण मागच्या गाड्यांच्या भोंग्यांकडे दुर्लक्ष करून त्याने बसथांब्यावर मिनिटभर ब्रेक दाबला. विहीणबाई तीन पायऱ्या चढून केबिनमध्ये आल्या, पर्स मांडीवर घेतली आणि सरळ घ्यायला सांगितले. डावीकडे बोट दाखवून त्या म्हणाल्या, ही काय जागा. ती अग्निशमन दलाची होती. पुढची बसची होती. तिच्या पुढची खरोखरच रिकामी होती.

"ती पाच मीटर आहे, विहीणबाई."

एका मोठ्या दुकानाच्या आवारात मैदानाएवढी जागा पाहून त्यांनी खिडकीतून रखवालदाराला हाक मारली. तो त्यांचा जुना विद्यार्थी निघाला. त्याने आधी टोपी काढली, मग हात जोडले.

"बाई, तुमच्यासाठी काहीही करेन. एवढं सोडून."

त्यानंतर विहीणबाईंनी बोट दाखवणे बंद केले.

सातला दोन मिनिटे कमी असताना, शहर संपल्यावर, बंद पडलेल्या वजनकाट्यापाशी गाडी थांबली. यंत्राने एक शिटी दिली. आता घर नऊ किलोमीटर मागे होते, आणि अकरा तास चाक हलणार नव्हते.

विहीणबाईंनी मुलाला फोन लावला. बायकोला आणि जेवणाचे डबे घेऊन गाडीने ये, असे बजावले.

"आई, गाडी काढली तर जागा जाईल गं," जावई म्हणाला. "चार दिवसांनी मिळालीये."

ड्रायव्हर आदराने दुसऱ्या खिडकीबाहेर पाहत राहिला.

"मग बस जागा राखत," विहीणबाई म्हणाल्या. "तिला दे फोन." आणि सुनेला, एरवीच्या आवाजापेक्षा बऱ्याच हळू आवाजात, त्यांनी तिघांचे डबे भरून टॅक्सीने यायला सांगितले. "तुझे बाबा वेळेवर निघाले होते. चूक माझीच झाली. ये तू."

फोन पर्समध्ये ठेवून त्यांनी केबिन प्रथमच नीट पाहिली: सीटमागचा अरुंद बिछाना, दोरीवर वाळत घातलेला सदरा, आरशाला चिकटवलेला लेकीचा शाळेतला फोटो. मग त्यांनी चपला काढल्या आणि पाय वर घेऊन बसल्या.

ड्रायव्हरने घाईघाईने दोरीवरचा सदरा ओढला, उशीखाली कोंबला आणि हाताने बिछाना झटकला.

"आधी कळवलं असतंत," तो ओशाळून म्हणाला, "तर जरा आवरून ठेवलं असतं."