सरांनी भरलेल्या कॅसेटी

"अरे, काय बोलतोय काय हा माणूस?" खिडकीच्या गजांना कान लावून भीमराज सर पुटपुटले.

आत, नगरच्या त्या शाळेच्या हॉलमध्ये, टेपरेकॉर्डर वाजत होता आणि कोल्हारहून आलेल्या त्यांच्या तीन विद्यार्थिनी पेन हातात धरून नुसत्या बसल्या होत्या. शाळकरी मुलांची इंग्रजीची वरच्या पातळीची परीक्षा. त्यातला हा ऐकून उत्तरं लिहायचा पेपर. इंग्लंडातला कुणी बाप्या आणि कुणी बाई आगगाडीबद्दल, नाहीतर बागेबद्दल, कशाबद्दल तरी बोलत होते. एक शब्द संपतो कुठे आणि दुसरा सुरू होतो कुठे, काही पत्ता नाही.

"जरा तोंड उघडून बोल की मेल्या!" सर चिडून म्हणाले. टेप कसला ऐकतोय!

चिडणारच. संध्याकाळचा जादा इंग्रजीचा वर्ग सरांनी स्वतः उभा केला होता. दिवसभर भरगच्च वर्गापुढे इंग्रजीचे धडे मराठीतून समजावून सांगायचे, आणि तेही पोरांनी गाइडमधून पाठ करायचे. संध्याकाळी मात्र मुली त्यांच्याशी इंग्रजीत बोलायच्या, भांडायच्यासुद्धा. त्या तासासाठीच आपण मास्तर झालो, असं सरांना वाटायचं. पण संस्थेच्या अध्यक्षांना, आप्पासाहेबांना, नगरच्या एका क्लासवाल्याने घोळात घेतलं होतं. आप्पासाहेबांनी तोंडावर सांगितलं होतं, "पोरी पास झाल्या तर वर्ग तुमचा. न्हाईतर पुढल्या सालापास्नं नगरचा मानूस येईल."

सरावाच्या कॅसेटी पुण्याहून मागवल्या, तर "संपल्या" असं उत्तर आलं. मग सरांनी कोऱ्या कॅसेटी आणल्या आणि घरी बसून स्वतःच भरल्या. बाप्याचं बोलणं जाड आवाजात, बाईचं बारीक आवाजात, आणि मध्येच कुकरची शिट्टी. "तुमचं इंग्रजी हुईपत्तर पोरांनी उपाशी ऱ्हायाचं का?" हे सरांच्या बायकोचं, चांगुणाबाईंचं वाक्यही एका कॅसेटमध्ये अख्खं आलं होतं. सरांचा शब्द कसा सुटा सुटा, फळ्यावर लिहिल्यासारखा. मुलींचं एक उत्तर चुकायचं नाही. सर खूश! कशाला खूश झालात हो? मुलींना भीमराज सरांचं इंग्रजी कळत होतं, एवढंच. दुसऱ्या कुणाचं त्यांनी कधी ऐकलंच नव्हतं. हे आत्ता, परीक्षा चालू असताना सरांच्या डोक्यात शिरलं, आणि त्यांच्या अंगाची लाही लाही झाली.

घंटा झाली. प्रज्ञा आधी बाहेर आली. वर्गातली सगळ्यात हुशार पोर, पण डोळे भरलेले.

"सर, ती बाई शेवटी कुठं जायचं म्हनत हुती?"

सरांनी खिशातला रुमाल काढून तिच्या हातात दिला.

"तुमच्या कॅसेटीत तर सगळं कळायचं ओ. ही मान्सं अशी का बोलत्यात?"

एवढ्यात फाटकाशी जीप लावून आप्पासाहेब आले. "काय पोरींनो, कसं गेलं?"

प्रज्ञाने सरांकडे पाहिलं, डोळे पुसले आणि म्हणाली, "सोपं हुतं. सरांनी शिकवल्यातलंच आलं सगळं."

बाकीच्या दोघींनीही मुंड्या हलवल्या. आप्पासाहेब हसले. "वा! मग झालं की!"

पोरींनी आपल्यासाठी खोटं बोलावं! सरांना त्यांचा रागही आला आणि मायाही वाटली. गप्प बसले असते तर निकालापर्यंत वर्ग तरी त्यांचा राहिला असता. नंतर पेपर अवघड होता म्हणून सांगता आलं असतं. पण ते बोलून गेले.

"काही सोपं नव्हतं, आप्पासाहेब. मी बाहेरून ऐकत होतो. मला स्वतःला कळलं नाही. मुलींचा दोष नाही यात. मी त्यांना माझाच आवाज ऐकवत बसलो."

आप्पासाहेबांनी टोपी सारखी केली. "मास्तर, तुमालाच कळंना म्हनल्यावर कसं चालंल?"

"नाही चालणार."

"मंग त्या मानसाला व्हय म्हनतो मी."

"म्हणा," सर म्हणाले. वर्ग गेला. स्वतःच्या तोंडाने घालवला.

प्रज्ञा रागाने म्हणाली, "कशाला सांगितलं, सर?" सर तरातरा हॉलमध्ये गेले. पुण्याहून परीक्षा घ्यायला आलेल्या रश्मीबाई टेपरेकॉर्डरची वायर गुंडाळत होत्या.

"बाई, ती कॅसेट एकदा लावाल का?"

"सर, पेपर संपलाय. आता काय उपयोग?"

"मुलींना नसेल. मला आहे. एवढी वर्षं इंग्रजी शिकवतोय हो मी."

रश्मीबाईंनी त्यांच्या तोंडाकडे पाहिलं आणि वायर पुन्हा भिंतीत खोचली. सर पहिल्या बाकावर बसले. पोरांचा बाक तो, गुडघे मावेनात. प्रज्ञा दारातून आत आली. अजून फुरंगटलेलीच होती, पण न विचारता त्यांच्या शेजारी येऊन बसली.

बाप्या बोलला. बाई बोलली. सर मान खाली घालून ऐकत होते, कपाळाला आठ्या. कॅसेट थांबली.

"कळलं का, सर?" रश्मीबाईंनी हळूच विचारलं.

"नाही," भीमराज सर म्हणाले. "पुन्हा लावा."