मानेखालचा हात

"फिट आली हुती. दुसरं काय बी न्हाय. कुनी इचारलं तर एवढंच सांगायचं, कळलं?"

सासूचा, धोंडुबाईचा हा आवाज तीस वर्षांत चिमणाबाईच्या कानांतून गेला नव्हता. राधानगरीकडच्या घरात तिचं अडीच महिन्यांचं पोरगं गेलं, त्या सकाळचा तो आवाज. पुढं ती कोल्हापुरात आली, घरोघरी बाळं न्हाऊ घालू लागली. गुडघे झिजले, पण एक रीत तिनं मोडली नाही. बाकीच्या बाया न्हाणं झालं की बाळाला पायाला धरून उलटं लोंबवत, वर उडवून झेलत. चिमणाबाईचा डावा हात बाळाच्या मानेखालनं निघत नसे.

"बाळ काय काचेचं हाय व्हय, चिमणाबाई?" शाहूपुरीतल्या रत्नव्वा हसायच्या.

"काचंचंच की," म्हणून ती बाळाला टिपायला घ्यायची.

दोन हजार तीनची थंडी होती. रत्नव्वा लग्नाला निपाणीकडं गेलेल्या, त्यांचा मुलगा अमरेश गुळाच्या दुकानात. घरात त्यांना अव्वा म्हणणारी सून सौंदर्या आणि तिची दोन महिन्यांची लेक भूमिका. चिमणाबाई न्हाणीत पाय पसरून बसली, पोरीला नडग्यांवर घेतलं. सवयीनं गाणं सुरू झालं,

पाट मांडिला न्हानीत, ऊन पानी घंगाळात,
न्हाती माझी गं साळुंकी...

दुसरी ओळ पुरी झालीच नाही. तेलाचा हात फासळ्यांवर आला आणि थांबला. बगलेखाली चार निळसर डाग. पलीकडं चार.

"ह्ये काय गं?"

"डास चावले असतील, मावशी."

"कोल्हापूरच्या डासांस्नी बोटं फुटली व्हय?"

सौंदर्या उंबऱ्यावरच खाली बसली. तीन दिवसांची वेणी, डोळ्यांखाली काळं.

"दुपारी तीनला रडायला लागते, मावशी, ती दिवे लागेपर्यंत. पाजलं, फिरवलं, पोट शेकलं. काल मला कायच सुचंना. धरून हलवली. जोरात. गप्प झाली."

"मग?"

"मग झोपलीच. सकाळी दूध ओकली. डोळे उघडते, पण बघत न्हाय माझ्याकडं."

चिमणाबाईनं पाण्याचा तांब्या बाजूला सारला. पोरीला टिपलं, दुपट्यात गुंडाळलं.

"चपला घाल. दवाखान्यात जायचं."

"तिथं काय सांगू? पाळण्यातनं पडली म्हणते."

"हलवली म्हन. खरं सांगितलंस तर डाक्टरला लगेच कळंल कुठं बघायचं ते."

बारा वर्षांमागं एका डॉक्टरीणबाईच्या घरी बाळ न्हाऊ घालताना त्या बोलून गेल्या होत्या. एवढ्याशा जिवाची मान धरलेली नसते, हलवलं की डोकं आतल्या आत आपटतं, बाहेर काही दिसत नाही. त्या दिवशी चिमणाबाई समोरचा चहा तसाच ठेवून निघाली होती.

"ह्यांना कळलं तर? अव्वा मला घरात ठेवतील का?" सौंदर्या रडू लागली. "तुम्हाला काय जातंय सांगायला!"

"रडू दे लेकरू. रडून कुठलं पोर मरत न्हाय. डोकं फिराय लागलं की पाळण्यात ठिवायचं, दार ओढायचं, शेजारणीला हाक मारायची. पर ते पुढचं. आज ऊठ."

"तुमचं पोर फिट येऊन गेलं, मावशी. तुमच्यावर कुणी बोट दाखवलं न्हाय. माझ्यावर दाखवतील."

चिमणाबाईनं भूमिकाला उरापाशी धरलं, डावा हात मानेखाली. व्हय गं, फिटच, हे शब्द जिभेवर आले. तीस वर्षं घोटून गुळगुळीत झालेले. तिला ते आता उचलवेनात.

"फिट नव्हती ती," ती म्हणाली. "दिवसभर वाकून भात लावून आल्ते. त्यो तीन दिस रडत हुता. म्या हलवला त्याला. ह्याच हातांनी. सकाळपतुर जित्ता हुता गं. भ्यानं दवाखान्यात न्हेला न्हाय."