अर्ध्या वाक्यांचा संसार

शिवरामला बायकोचं वाक्य पुरं ऐकायची कधी गरजच पडली नव्हती. त्याला ते अर्ध्यातच कळायचं. निदान त्याला तसं वाटायचं, आणि चौतीस वर्षं घरच्या कर्त्याला एखादी गोष्ट वाटत राहिली, की घर तीच खरी धरून चालतं.

खोड कारखान्यातली. अंबरनाथच्या एका मोठ्या कारखान्यात तो मशीन शॉपला होता. तिथं लेथच्या आवाजात समोरच्याचं बोलणं अर्धंच कानी यायचं. उरलेलं ओळखायचं आणि हात चालवायचा. जो आधी ओळखील तो हुशार, आणि शिवराम सगळ्यांत हुशार, असं साहेबसुद्धा म्हणत. रिटायर होताना कारखान्यानं त्याला घड्याळ दिलं, हार घातला, पण खोड काही ठेवून घेतली नाही. ती त्याच्याबरोबर बुवापाड्याला घरी आली.

"अहो, मी काय म्हणते, आज वांगी—"

"आणतो अर्धा किलो."

द्रौपदी गप्प व्हायची आणि वांगी यायची. कालचीच वांगी अजून टोपलीत आहेत, असं तिला म्हणायचं होतं. शेजारपाजारचे म्हणत, काय जोडा आहे, एकाचा शब्द दुसऱ्याच्या वर जात नाही. शब्द वर जायला आधी तो तोंडातून पुरा बाहेर पडावा लागतो, पण हे शेजाऱ्यांना कोण सांगणार.

द्रौपदीचा डब्यांचा धंदा होता. बुवापाड्याच्या दोन खोल्यांतून आनंदनगर एमआयडीसीतल्या कामगारांना रोज चाळीस डबे जायचे. शिवराम ते जुन्या एम-एटी दुचाकीवर लादून पोचवायचा आणि त्याला ‘आमचा धंदा’ म्हणायचा. अडचण एकच होती, फोनची. बुवापाड्यात धड रेंज एका कंपनीची, आनंदनगरच्या शेडांमध्ये दुसरीची, आणि गाडीवर असताना वाजलेला फोन शिवरामनं उचलेपर्यंत बंद पडायचा.

मुलगा राजरत्न उल्हासनगरला कॅम्प तीनमध्ये एका सिंधी शेठच्या मोबाईलच्या दुकानात कामाला होता. २००८च्या जानेवारीत त्यानं दोन हँडसेट घरी आणले.

"पप्पा, सिंपल आहे. वॉकीटॉकी समजा. बटण दाबायचं, बोलायचं, सोडायचं. तुमची कंपनी वेगळी, आईची वेगळी, तरी चालणार. नवीन स्कीम आहे, मार्चएंडपर्यंत ट्रायल."

"म्हणजे पोलिसांसारखं—"

"हां. पण एका टायमाला एकच बोलणार. एकानं दाबलं की दुसऱ्याचं बटण चालत नाही. मॅक्स तीस सेकंद."

"आणि मध्येच काही सांगायचं असलं तर?"

"नाही सांगायचं."

शिवरामला हा स्कीममधला दोष वाटला आणि त्यानं तसं बोलूनही दाखवलं.

दुसऱ्या दिवशी आनंदनगरात एका फॅक्टरीच्या गेटवर त्याचा फोन ‘टुंग’ वाजला. "अहो, पाच नंबरच्या डब्यात—"

शिवरामनं बटण दाबलं. "मीठ कमी आहे. कळलं."

फोननं ‘टँ’ केलं. मग द्रौपदीचा आवाज काही न घडल्यासारखा पुढे चालू राहिला: "—चपाती नाही, भाकरी आहे. त्यांनी दाढ काढलीय. दूध वेगळ्या बाटलीत दिलंय, त्यात कुस्करून खायला सांगा. आणि बाटली आठवणीनं परत आणा, गेल्या खेपेची अजून आली नाही."

शिवराम फोनकडे बघत राहिला. इतकं लांब वाक्य बोलणारी बाई आपल्या घरात असेल, याची त्याला कल्पना नव्हती.

गेटवरचा वॉचमन कोंडाजी हे सगळं ऐकत होता. त्याचा नाइलाज होता, कारण फोनचा आवाज भोंग्यासारखा होता. "वहिनी लई बोलतात वो," तो म्हणाला.

"हल्लीच," शिवराम म्हणाला.

पुढच्या दोन महिन्यांत शिवरामच्या ज्ञानात पुष्कळ भर पडली. ‘ऊन फार आहे’ याचा अर्थ ‘टोपी घाला’ असा नसून ‘पापड वाळत टाकलेत, येताना पत्र्याजवळ गाडी लावू नका’ असा होता. दुधीची भाजी तिला स्वतःला मुळीच आवडत नव्हती. द्रौपदीला विनोद करता येतो, हे त्याला फेब्रुवारीत कळलं. विनोद वाक्याच्या शेवटी असतो, तो शिवरामला आजवर लागणार कुठून?

घरी मात्र पहिले पाढे पंचावन्न. बटण नसलं की तो मध्ये पडे आणि ती थांबे. मग एका संध्याकाळी द्रौपदीनं स्वयंपाकघरातून बटण दाबलं. शिवराम दाराच्या उंबऱ्यावर बसला होता; तिथं त्याच्या कंपनीच्या रेंजची एक काडी येत असे. आधी पडद्यामागून तिचा खरा आवाज आला, आणि तीन सेकंदांनी तोच आवाज फोनमधून आला. राजरत्नच्या म्हणण्याप्रमाणे मधल्या वेळात तो आवाज बंगलोरला जाऊन येत होता. शिवरामनं उंबऱ्यावरूनच ओरडून उत्तर दिलं, पण फोनला ओरडणं ऐकू येत नाही. फोन बोलत राहिला आणि शिवराम ऐकत राहिला. दुसऱ्या दिवशी दिवेलागणीला तो आपणहून उंबऱ्यावर जाऊन बसला. कोणी विचारलं असतं तर हवा खातोय म्हणाला असता.

मार्चमध्ये बदलापूरचा विषय निघाला. राजरत्ननं तिथं एक फ्लॅट बघितला होता. बुवापाड्याच्या खोल्यांना गिऱ्हाईक तयार होतं, सही रविवार तीस तारखेला.

"आई, चलेगा ना?"

"बदलापूरचं म्हणजे—"

"हो हो, बाल्कनी आहे," शिवराम म्हणाला. "ओटाही चांगला लांब आहे."

अर्ध्या हळकुंडानं पिवळा झालेला शिवराम मग पंधरा दिवस गावभर सांगत फिरला, की हिला बदलापूरची फार हौस. द्रौपदीला जे सांगायचं होतं ते तीस सेकंदांत बसवायचं होतं, आणि ते काही केल्या बसत नव्हतं. पोळ्या लाटताना तिचे ओठ हलताना शिवरामनं पाहिले. पोळ्या मोजत असेल, असं त्यानं ओळखलं.

शुक्रवारी राजरत्ननं सांगितलं, की दोन्ही कंपन्यांचं जुळेना, स्कीम उद्या दुपारी बाराला बंद.

शनिवारी शिवराम नेहमीप्रमाणे गेटवर पोचला, तेव्हा बाराला एखादं मिनिट कमी होतं. ‘टुंग.’

"अहो, नीट ऐका. बदलापूरहून आनंदनगरला डबे येणार नाहीत. चाळीस माणसं माझ्या हातचं जेवतात. कुणाला तिखट चालत नाही, कुणाचा बुधवारचा उपास, हे मला पाठ आहे. मला बाई म्हणून कुणी विचारतं ते एवढ्याचसाठी."

शिवरामनं बटण दाबलं. टँ. पुन्हा दाबलं. टँ.

"बटन तुटंल वो," कोंडाजी म्हणाला.

"बाल्कनीत उभी राहून मी काय बघू? तुम्हाला जायचं असेल तर जा. राजरत्नला घेऊन जा. पण मी—"

आणि फोन गप्प झाला. एक बाई इंग्रजीत काहीतरी म्हणाली आणि तीही गप्प झाली. बारा वाजले होते.

"पण मी काय?" कोंडाजीनं विचारलं.

असल्या प्रश्नांची उत्तरं देण्यात शिवरामचा जन्म गेला होता. "पण मी येईन मागून," तो म्हणाला.

"तसा आवाज नव्हता."

"पण मी काय बोलणार, असं असेल."

"त्ये तर त्या बोलतच हुत्या की."

शिवरामला तिसरं काही सुचलं नाही. त्याला भीती वाटली. साधा फोन लावता आला असता. पण साध्या फोनवर आपण मध्येच बोलू, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. त्यानं चाळीसच्या चाळीस डबे पोचवले, कारण एकही माणूस उपाशी राहिला असता तर घरी जायची सोय उरली नसती, आणि मग कुठंही न थांबता तो बुवापाड्याला आला.

द्रौपदी परात घासत होती.

"पण मी काय?" त्यानं दारातूनच विचारलं.

तिनं वर पाहिलं आणि सवयीनं थांबली. पुढचं तो बोलेल म्हणून तिनं जागा सोडली. शिवरामचं तोंड उघडलं. ते त्यानं महत्प्रयासानं मिटलं आणि जमिनीवर बसला. द्रौपदीनं नळ बंद केला.

"पण मी इथंच राहणार," द्रौपदी म्हणाली.

"एकटी?"

"एकटी."

"मला तरी कुठं जायचंय बदलापूरला," शिवराम म्हणाला. "मला तिथलं कुत्रं ओळखत नाही."

"मग गावभर हो हो म्हणत का फिरलात?"

"तुला हौस म्हणून. तूच म्हणालीस ना."

"मी कधी म्हणाले?"

शिवराम आठवू लागला. बदलापूरचं आठवलं, वांग्यांचं आठवलं, राजरत्नच्या शाळेचं आठवलं, लग्नानंतरच्या पहिल्या वर्षाचंही आठवून पाहिलं. प्रत्येक वाक्य द्रौपदीच्या आवाजात सुरू होत होतं आणि त्याच्या स्वतःच्या आवाजात संपत होतं. त्याला फार लाज वाटली. तो तिला तसं म्हणालासुद्धा.

मग त्यानं तिच्या फोनवरून राजरत्नला साधा कॉल लावला, स्पीकर चालू केला आणि फोन तिच्यासमोर धरला, कारण तिचे हात राखेचे होते.

"राजरत्न, उद्याच्या सहीचं—"

"हो आई, टेन्शन नको घेऊ, दहा वाजता गाडी—"

"गप बस," शिवराम म्हणाला. "आई बोलतेय."

द्रौपदीनं हात धुतले, पदराला पुसले आणि वाक्य पहिल्यापासून सुरू केलं.