लाकडी पायांचं विष

हॉलमध्ये चाळीस-पन्नास माणसं होती आणि सगळ्यांचे डोळे माझ्या मुलीच्या पायांकडे लागले होते. निळ्या प्लास्टिकच्या टबात तिची पावलं, वर पांढरा टॉवेल, शेजारी लाल दिवा लुकलुकणारी पेटी. पेटीतून एक जाड वायर टबात उतरली होती. पंधरा मिनिटांनी तळवेबाबांनी टॉवेल उचलला आणि सगळा हॉल "अगंबाई!" म्हणाला. मघाचं नितळ पाणी गढूळ तपकिरी झालं होतं आणि वर काळपट फेस आला होता.

तळवेबाबा हे नाव लोकांनीच ठेवलेलं. अंगात डॉक्टरी कोट आणि खांद्यावर शाल, म्हणजे दोन्हीकडची गिऱ्हाइकं हातची जाऊ नयेत.

"बघा, बघा!" ते म्हणाले. "काळं आहे ते लिव्हरचं. फेस पित्ताचा. आणि हे तपकिरी? हे हॉस्पिटलचं! वर्षभर या पोरीत ओतलेलं विष. शरीराचं गटार तळव्यात असतं, ताई. डॉक्टर वरून ओततात, मी खालून उपसतो."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. माझी सहा वर्षांची मुलगी, जिला आम्ही बटण म्हणतो, त्या पाण्याकडे बघत राहिली.

"आई, ही घाण माझ्यातून आली?" तिनं विचारलं आणि पाय वर ओढून घेतले. स्वतःच्याच पायांची तिला किळस आली होती. बाबाचं बाकी सगळं मी एक वेळ विसरेन, ते तिचं तोंड विसरणार नाही. आणि हो, यापुढे मी त्याला अहो-जाहो करणार नाही.

मी बूट शिवते. वडिलांचं दुकान आता मी चालवते. पाय हा माझ्या पोटापाण्याचा विषय आहे. बटणला रक्ताचा कॅन्सर झाला, तेव्हा एका औषधानं तिच्या पायांच्या नसा बधिरल्या. चालताना पाऊल पुढून लोंबायचं आणि फरशीवर फट् फट् आपटायचं. "हळूहळू सुधारेल," डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या. तोवर मी तिला घोट्याला आधार देणारे बूट करून दिले. मोठे उपचार संपले होते. राहिली होती ती रोज संध्याकाळची एक गोळी, अजून दीड वर्ष.

संध्याकाळी मी दुकानात असते. नवरा पोस्टात पत्रं निवडतो आणि दुपारीच घरी येतो, म्हणून गोळी तो द्यायचा. बाबाकडे नेणंही त्यानंच सुरू केलेलं. "नुसते पाय धुतात गं, मालिश असतं तसं," असं मला सांगितलं होतं. आज तिसरा बुधवार, आणि मी पहिल्यांदाच बरोबर आले होते.

त्या टबाचा वास मला ओळखीचा वाटला. दुकानात खिळ्यांचा डबा भिजला की येतो, तसा. मी वाकून बघणार, तेवढ्यात बाबानं नवऱ्याच्या कानाशी लागून विचारलं, "गोळ्या बंद आहेत ना? खालून उपसायचं आणि वरून ओतायचं, असं चालत नाही हं."

नवऱ्यानं मान डोलावली. माझ्याकडे बघितलं नाही.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण पोरीच्या देखत भांडायचं नव्हतं. तिचे पाय पुसले, बूट चढवले आणि घरी आले.

घरी नवऱ्यानं कपाटातून एक पाकीट काढलं. आत चौदा गोळ्या होत्या, प्रत्येक वेगळ्या कागदात, वर तारीख. पोस्टातला माणूस, फसवणूकसुद्धा नीट लावून ठेवतो.

"ती जेवायला लागली गं," तो म्हणाला. "परवा एकटी जिना चढली. मळमळ गेली. गालावर रंग आलाय, हे तूच म्हणालीस ना?"

म्हणाले होते. चांगलं दोनदा म्हणाले होते, आणि गिऱ्हाइकांनाही कौतुकानं सांगितलं होतं. हीच गोष्ट मला जास्त झोंबली.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही हॉस्पिटलात. डॉक्टरीणबाईंनी सगळं ऐकून घेतलं.

"गोळी थांबवली की मूल तरतरीत दिसतंच," त्या म्हणाल्या. "भूक लागते, खेळतं. गोळीचा त्रास थांबतो म्हणून. पण लपलेला आजार उरलाच असेल, तर त्याच्यावरचा पहाराही उठतो."

नवऱ्यानं विचारलं, "म्हणजे त्या माणसानं काहीच केलं नाही?"

"केलं ना. तुमचं औषध बंद केलं आणि फरक स्वतःच्या नावावर लावला. आजपासून नेहमीचीच मात्रा सुरू करा, राहिलेल्या गोळ्या एकदम देऊ नका. रक्त आत्ता तपासू."

"आणि या चौदा दिवसांचं काय?"

"आज रक्तात काही दिसलं नाही, तरी लगेच हायसं वाटून घेऊ नका. ते कळायला काही वर्षं जातील."

नवरा तिथल्या बाकावर बसून रडला. मला त्याची दया आली. बुडत्याला काडीचा आधार. पण काडी विकणाऱ्याची दया येण्याचं मला काही कारण दिसेना.

पुढच्या बुधवारी मी एकटी गेले. पायघोळ कोट घातला होता आणि पिशवीत अडतीस नंबरचे कलबूत होते. कलबूत म्हणजे लाकडी पाय. त्यावर चामडं ताणून आम्ही बूट घडवतो. त्यांच्या डोक्याला भोक असतं, त्यात मी हातभर दांड्या ठोकल्या होत्या, कारण लाकूड तरंगतं.

बाबाचा एक नियम मला फार आवडला. टॉवेलखाली उजेड जाऊ द्यायचा नाही, नाहीतर विष म्हणे बुजतं. शिवाय तो कुणाच्या पायाला हात लावत नसे, त्याची शक्ती उतरायची. मी मोजे काढायचं निमित्त करून वाकले, टॉवेलखाली लाकडी पाय टबात सोडले आणि कोटाच्या आडून दांड्या दाबून धरल्या. माझे पाय खुर्चीखाली, कोरडे. बाबानं पाण्यात त्याचं ते पवित्र मीठ टाकलं आणि पेटी सुरू केली.

पंधरा मिनिटांनी त्यानं टॉवेलचा कोपरा जेमतेम पाणी दिसेल इतका उचलला.

"अरे बापरे! ताई, लिव्हर पार गेलंय. आणि हा लालसर थर बघा, हा राग. फार राग आहे तुमच्यात."

"तेवढं मात्र खरं आहे," मी म्हणाले आणि टॉवेल ओढून फेकून दिला.

लाकडी पाय मी दांड्यांना धरून सगळ्यांना दिसतील असे उंच धरले. तपकिरी पाणी ठिबकत होतं.

"हे वडिलांच्या वेळचे आहेत. पस्तीस वर्षं झाली, यांनी हॉस्पिटल पाहिलेलं नाही. यांचं लिव्हर कुठंय, बाबा?"

कुणीतरी फिस्सकन हसलं. मग सगळेच. बाबा ओरडला, "लाकडातही जीव असतो! आणि तुम्ही कपट केलंत!"

"चोराच्या उलट्या बोंबा!" मी पेटी बंद केली आणि टबातली वायर ओढून काढली. वायरच्या टोकाचं झाकण चामड्याच्या सुरीनं उचकटलं. आत दोन लोखंडी सळ्या. एक धड होती, दुसरी उंदरानं कुरतडल्यासारखी.

"लोखंड, मीठ आणि वीज," मी सांगितलं. "जो खिळा एरवी वर्षभरात गंजतो, तो यात पंधरा मिनिटांत गंजतो. तोच गंज तुम्ही विष म्हणून बघता. पाण्यात पाय घाला, लाकूड घाला, नाहीतर काहीच घालू नका. पाणी तपकिरीच होणार."

पहिल्या रांगेतली एक बाई उठली. तिनं शेजारच्या रिकाम्या टबात नवं पाणी ओतलं, त्याच मिठाची चिमूट टाकली, त्या टबाच्या पेटीची वायर सोडली, आणि पाय न घालताच पेटी सुरू केली. सगळे टबाभोवती उभे राहिले. पाणी आधी पिवळं पडलं, मग तपकिरी झालं. बाबा शाल गुंडाळून दाराकडे निघाला, पण दारात माझा नवरा उभा होता. बरोबर पोलीस आणि हातात चौदा गोळ्यांचं पाकीट.

बाबानं माझ्यापुढे हात जोडले. "ताई, माझ्याही घरी लेकरं आहेत."

"असू देत. त्यांची औषधं तू थांबवली नाहीस," मी म्हणाले. पुढे खटल्यात मी साक्ष दिली. त्याला शिक्षा झाली, तेव्हा मी खूश झाले, आणि ते लपवलंही नाही.

हे लिहिते आहे ते तुमच्यासाठी. कुणी चमत्कार दाखवला, तर तो माणसाशिवाय करून दाखव म्हणावं. आणि डॉक्टरांना विचारल्याशिवाय चालू गोळी थांबवू नका, मूल कितीही कुरकुरलं तरी. तुमची माया खरी असली, तरी तिला औषध कळत नाही.

बटणचं तेव्हाचं रक्त चांगलं आलं. दर महिन्याला तपासतो. गोळी पुन्हा सुरू झाल्यावर तिची भूक गेली आणि मळमळ परत आली.

"तळवेबाबांच्या टबानं मला बरं वाटायचं," काल ती गोळी हातात घेऊन म्हणाली. नवऱ्यानं माझ्याकडे पाहिलं. मग तो तिच्यासमोर खाली बसला.

"टबानं नाही वाटायचं," तो म्हणाला. "मी तुझी गोळी चोरली होती, म्हणून वाटायचं. चूक माझी होती."

बटणनं गोळी तोंडात टाकली आणि पाण्यासाठी हात पुढे केला. पेला त्यानं दिला, पण तिनं तो घेतला नाही. माझ्याकडे बघत, हात माझ्यापुढे धरून बसली.