शेपटीवरची खाच

त्या नर माशाचं नाव दादानं जावई ठेवलं होतं. टाकी स्वतंत्र, पाणी गाळलेलं, खाणं वेळच्या वेळी आणि काम काय, तर संसार वाढवणं. एवढे लाड त्या घरात दुसऱ्या कुणाचे झाल्याचं बहिणीला तरी आठवत नव्हतं. मत्स्यबीज केंद्रात ही दोघंच. दादा जोड्या लावायचा, ती पिल्लं वाढवायची.

तळ्यात मासे पाळणाऱ्यांना नरच हवे असतात. माद्या असल्या की वीण घालत सुटतात, तळं बोटभर पिल्लांनी भरतं आणि विकण्याजोगा मासा एकही होत नाही. साध्या नरात एक एक्स आणि एक वाय गुणसूत्र, म्हणून त्याला निम्म्या मुलीच होतात. दादाला हवा होता दोन्ही वाय असलेला नर, ज्याला मुलगेच होतील. पण तो दिसायला चारचौघांसारखाच. त्याची पिल्लं वाढवून, कापून, सूक्ष्मदर्शकाखाली बघितल्याशिवाय काही कळत नाही. या एका माशापायी दादाची उमेदीची वर्षं गेली, लग्नही राहून गेलं. एकेका नराच्या पिल्लांत माद्या निघत आणि तो नर मारला जाई. मारलेला प्रत्येक मासा दादा एकदा हातात घ्यायचा. बिचाऱ्यानं आपल्यासाठी खस्ता खाल्ल्या, असं म्हणायचा.

शेवटी एकाच विणीतले दोन नर उरले. त्यातल्या एकाची सगळी पिल्लं नर निघाली. ओळख राहावी म्हणून दादानं त्याच्या शेपटीला कात्रीनं खाच पाडली आणि तो जावई झाला. दुसऱ्याची परीक्षा घ्यायची मग गरजच उरली नाही. तो कोपऱ्यातल्या टाकीत म्हातारा होत राहिला.

त्यानंतर दादानं अंथरूण धरलं. नजर गेली. डॉक्टरांनी बहिणीला बाजूला घेऊन सांगितलं की आता फार आशा धरू नका. दादाचा जीव मात्र जावयाच्या दुसऱ्या विणीत अडकला होता. तीही सगळी नर निघाली की काम पुरं झालं, असं तो येईल त्याला ऐकवायचा.

आज बहीण ती पिल्लं कापायला बसली. पोटातली धाग्याएवढी ग्रंथी काचेवर दाबायची, लाल रंगाचा थेंब सोडायचा. नराची रवाळ दिसते. पहिल्याच काचेवर गोल गोल अंडी दिसली. पिल्लं मिसळली असतील, असं तिनं स्वतःला समजावलं. मग पुढच्या काचा बघितल्या. निम्म्या माद्या होत्या.

या विणीच्या वेळी पिल्लांच्या टाकीतला हीटर जळून बंद पडलेला होता. पहिल्या वेळी तो चालू होता. कोवळ्या वयात पाणी फार तापलं की मादीचाही नर होतो, हे दादानंच तिला शिकवलं होतं. म्हणून तर थर्मामीटर टांगलेला होता. पण तो होता नळाशी, हाताला येईल असा, जिथे गार पाणी पडायचं. तेव्हा टाकीच्या दुसऱ्या टोकाला जाळी टाकताना थंडीत हाताला ते ऊन पाणी किती बरं वाटायचं, ते तिला आता आठवलं.

दादानं हाक मारली. ती उंबऱ्यातच उभी राहिली.

"किती माद्या?"

"एकही नाही. सगळे नर."

दादा हसला. कितीतरी दिवसांनी हसला. मग म्हणाला, "आता त्या दुसऱ्याला कशाला जागा अडवू द्यायची? मारून टाक. आणि माझ्याकडे आण."

ती टाक्यांपाशी गेली. म्हातारा नर तळाशी बसून होता. सकाळचे दाणे पाण्यावर तसेच तरंगत होते. खरा तोच असेल, नसेलही, पण परीक्षा घेण्याजोगा तोच एक उरला होता. आणि दादाच्या हातात द्यायला तेवढा मोठा मासा केंद्रात दुसरा एकच होता. तिनं जावयाला बाहेर काढलं, डोक्यात दांडा घातला आणि शेपटीकडून ओल्या फडक्यात घट्ट गुंडाळलं.

दादानं मासा दोन्ही हातांत घेतला. डोकं चाचपलं, पाठीवरून हात फिरवला. मग हळूहळू फडकं सोडलं. त्याचं बोट शेपटीवर गेलं आणि खाचेत थांबलं.

"पहिल्या वेळी पाणी तापलं होतं का गं?"

"हो."

"थर्मामीटर मीच टांगला होता तिथे."

हो म्हणायला तिची जीभ रेटेना आणि नाही म्हणायची सोय नव्हती. दादानं फडकं पुन्हा शेपटीभोवती गुंडाळलं.

"दुसरा खातोय ना नीट?"

"खातोय," ती म्हणाली.

दादानं तेही खरं मानून घेतलं आणि मासा तिच्याकडे परत दिला.