गिरणीच्या ठेक्यावरचा अल्बम

बोरीच्या सुकेशनीनं आपल्या आठ रॉक गाण्यांचा अल्बम इंटरनेटवर टाकला काय, आणि पुण्याच्या एका समीक्षकानं त्यावर चक्क लिहिलं काय! 'ड्रमर अफाट! शब्द मात्र त्याच्याखाली चेंगरले. गाणी लिहिणारीला सांगण्यासारखं काही आहे की नाही, कळत नाही.'

हसावं की रडावं? कारण ड्रमर नव्हताच! शेजारी बालाजीमामाची पिठाची गिरणी. लाइट असली तरच गिटारचा आवाज मोठा होणार, आणि लाइट आली की मामा पट्टा चढवणारच. त्या धडधडीतच सगळं रेकॉर्डिंग झालेलं.

"मामा, तुमी अफाट हाव म्हणं!"

"मंग! लोकायला आत्ता कळायलंय."

पण शेंगा फोडता फोडता जुळवलेल्या ओळी कुणालाच ऐकू गेल्या नाहीत, हे सुकेशनीला लय झोंबलं. तिनं समीक्षकाला कळवलं, 'समोर बसून ऐका.' आणि तो आदिनाथ नावाचा चष्मेवाला खरंच एसटीनं येऊन थडकला!

"ड्रमर कुठंय?"

सुकेशनीनं गिरणीकडं बोट केलं. तो आधी गार, मग खूश. "हेच पाहिजे! अगदी अल्बमसारखं!"

"रिकामी फिरवली तर दगडं झिजतेत," बालाजीमामा अडून बसला. "दळण आणा."

झालं! शेजारच्या चांगुणाआत्यानं गल्ली हलवली. बायका ज्वारीचे डबे घेऊन हजर.

सात गाणी दणक्यात झाली. पीठ उडायलंय, आदिनाथचा चष्मा पांढराफटक, अन् शब्द एक कळेल तर शपथ! सुकेशनीनं जीव तोडून आठवं धरलं आणि लाइट गेली. गिटार मेली, गिरणी थांबली. गळा कुठला थांबतोय?

"माझा डबा रांगेमधी सकाळपासून बसला,
मामा, तुमच्या मेव्हणीचा पुढं कसा घुसला?"

"आगं बया! खरंच हाय की!" बायका हसून हसून एकमेकींच्या अंगावर पडल्या.

"बालाजी, दे की जवाब!" चांगुणाआत्या गरजली.

"आन मी येडा हिला ताल द्यायलोय!" मामानं कपाळावर हात मारला.

आदिनाथ चष्मा पुसत पुढं सरकला. "हे... पुन्हा म्हणाल?"

"हे गाणं?"

"आठही. पहिल्यापासून."

तेवढ्यात लाइट आली. मामाचा हात सवयीनं खटक्याकडं गेला, तशा साऱ्याजणी एका सुरात ओरडल्या,

"गिरणी ऱ्हाऊ दे! पोरीचं ऐकू दे!"